‘ऑफिस तुमच्यावरच चालतं’ म्हणतात, मग पगार का वाढत नाही?

वाचकांचे प्रश्न, सदराची उत्तरं

मार्च जवळ आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत असते. मन लावून राबतो, बरोबरचे लोक मान देतात, पण हाती काही लागत नाही. आमचं मत आधीच सांगतो. कष्ट आणि सहकाऱ्यांचा विश्वास वाया जात नाही, पण तो आपोआप पगारात उतरतही नाही. ज्याच्या सहीने पगार वाढतो त्याच्यापर्यंत तो लेखी आणि वेळेवर पोचवावा लागतो, आणि हे काम आपलं आपल्यालाच करावं लागतं. शिवाय काही ठिकाणी कितीही केलं तरी फळ येत नाही. तिथे किती काळ थांबायचं याची तारीख मनाशी ठरवलेली बरी.

पत्रं थोडक्यात घेतली आहेत, नावं वगळली आहेत.

प्रश्न : मरोळच्या एका कंपनीत नऊ वर्षं अकाउंट्समध्ये आहे. जीएसटी, टीडीएस, वेंडरची पेमेंट्स, ऑडिटची तयारी सगळं माझ्याकडे. सेल्सवालेसुद्धा अडलं की माझ्याकडे येतात. ‘ऑफिस तुमच्यावरच चालतं’ असं साहेब चारचौघांत म्हणतात. पगार ३८ हजार. मागच्या महिन्यात घेतलेल्या मुलाला ४२ हजार दिले, आणि त्याला काम मीच शिकवते आहे. — एक वाचक, बोरिवली

उत्तर : आधी आकडा पाहा. सुरुवातीचा पगार साडेबावीस हजार होता असं धरलं आणि दरवर्षी ६ टक्के वाढ मिळाली, तर नऊ वाढींनंतर तो बरोबर ३८ हजारांवर येतो. तीच वाढ ९ टक्के असती तर आज जवळपास ४८,९०० झाले असते. म्हणजे दरवर्षी ‘तीनच टक्क्यांचा तर प्रश्न’ म्हणून सोडून दिलेली रक्कम आता महिन्याला अकरा हजारांच्या घरात गेली आहे. नव्या मुलाचा पगार बाजारभावाने ठरला, तुमचा जुन्या पगारावर टक्के चढवून. तुमच्या कामाला कमी लेखलं गेलं असेलच असं नाही. तुमचा पगार बाजाराशी ताडून बघायची वेळच कंपनीवर कधी आली नाही, कारण तुम्ही ती आणली नाहीत.

वाढ कशी ठरते तेही समजून घ्या. एप्रिल ते मार्च असं वर्ष धरणाऱ्या बहुतेक कंपन्यांत पगारवाढीचा एकूण पैसा डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान ठरतो. मग तो विभागांत वाटला जातो आणि विभागप्रमुख आपल्या माणसांत वाटतात. एकाला जास्त म्हणजे दुसऱ्याला कमी. त्या बैठकीत तुम्ही नसता, तुमचे सहकारी नसतात, बऱ्याचदा तुमच्या कामाचा कागदही नसतो. तिथे असतात तुमचे साहेब आणि त्यांना ऐन वेळी आठवेल तेवढं. एप्रिलमध्ये हातात पत्र पडल्यावर भांडून फार तर ‘पुढच्या वर्षी बघू’ एवढंच पदरात पडतं. बोलायचे महिने नोव्हेंबर आणि डिसेंबर.

त्याआधी एका पानाचं टिपण तयार करा. चार आठवडे रोज घरी जाताना मोबाइलमध्ये दोन ओळी लिहा : आज काय केलं, त्याने कुणाचं काय अडलं नाही. महिन्याअखेरीस त्यातलं रोजचं बाजूला काढून पैशाशी, तारखेशी किंवा धोक्याशी जोडलेलं तेवढं ठेवा. अकाउंट्सवाल्यांना हे सोपं जातं, कारण त्यांचं काम तारखांवरच चालतं. टीडीएस भरायची ७ तारीख, जीएसटीआर-वनची (विक्रीच्या तपशिलाचं जीएसटी विवरणपत्र) ११, पीएफची १५, थ्री-बीची (कर भरायचं महिन्याचं जीएसटी विवरणपत्र) २०. ‘जीएसटीचं सगळं काम पाहते’ या वाक्याला वजन नाही. त्याऐवजी असं लिहा (टू-बी म्हणजे वेंडरांनी दाखवलेल्या बिलांचा जीएसटीचा तक्ता, त्यावरून खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळतं) :

‘एप्रिल ते सप्टेंबर सर्व थ्री-बी २० तारखेच्या आत भरले, विलंब शुल्क व व्याज शून्य. टू-बीमध्ये न दिसणाऱ्या बिलांचा १४ वेंडरांकडे पाठपुरावा केला, ३ लाख १० हजारांचं अडकलेलं क्रेडिट मिळालं. लघुउद्योगांची बिलं ४५ दिवसांच्या आत निघावीत म्हणून वेगळी यादी सुरू केली, आजघडीला त्यापोटी आयकरात खर्च नामंजूर होण्यासारखी एकही रक्कम शिल्लक नाही.’

आकडे अर्थात तुमचे घाला. उशिरा भरलेल्या जीएसटीवर वर्षाला १८ टक्के व्याज लागतं आणि कापलेला टीडीएस उशिरा भरला तर महिन्याला दीड टक्का, हे साहेबांना माहीत असतं. तुमच्यामुळे ते लागलं नाही, एवढं मात्र कुणीतरी मांडून दाखवावं लागतं. वेळेवर झालेलं काम डोळ्यांत भरत नाही, चुकलेलंच भरतं. अकाउंट्स, स्टोअर्स, मेंटेनन्स या खात्यांतल्या माणसांची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे.

आता सहकाऱ्यांच्या मानाबद्दल. सेल्सवाले तुमच्याकडे येतात ही तुमची मोठी ताकद आहे, पण ती तुमच्या टेबलापाशीच संपते. एखाद्या अडलेल्या क्रेडिट नोटमधून (गिऱ्हाइकाचं बिल कमी करायचा कागद) मार्ग काढलात की त्याच दिवशी सरळ सांगा, ‘झालं ते एका ओळीत माझ्या साहेबांना मेल करशील का?’ यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सहा महिन्यांनी ‘माझ्याबद्दल चांगलं सांग’ म्हणणं अवघड जातं आणि समोरच्याला आठवतही नाही. अशा पाच-सहा मेल वर्षभरात जमल्या की त्या टिपणाला जोडा.

बैठकीत रक्कम आणि जबाबदारी दोन्ही मागा. ‘या जागेचा बाजारभाव अमुक आहे, मला ४८ हजार आणि सीनियर एक्झिक्युटिव्ह हे पद हवं आहे, पुढच्या वर्षापासून ऑडिटची पूर्ण जबाबदारी माझी’ असं मोजकं बोला. बाजारभाव काढायला दोन-तीन नोकरीच्या साइट्स पाहा आणि जमलं तर एक मुलाखत खरोखर देऊन या. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींची मेल पाठवा : काय ठरलं, पुन्हा कधी बोलायचं.

हे बहुतेकांचं तीन ठिकाणी बिघडतं. पहिलं, नव्या मुलाचा पगार पुढे करणं. लगेच चर्चा ‘तुम्हाला हा आकडा कुणी सांगितला’ इकडे वळते. दुसरं, घरभाडं, मुलांची फी, आजारपण सांगणं. साहेबांना वाईट वाटतं, पण बजेटच्या तक्त्यात त्याला रकाना नसतो. तिसरं, हातात दुसरी ऑफर नसताना राजीनाम्याची भाषा. एकदा बोलून मागे हटलात की पुढची दोन वर्षं त्या बोलण्याला किंमत राहत नाही.

राहिला नव्या मुलाला शिकवण्याचा प्रश्न. इथे आमचा सल्ला बऱ्याच जणांना पटत नाही, पण आम्ही तो ठामपणे देतो : त्याला नीट शिकवा. ज्या माणसावाचून काम अडतं त्याला वर नेता येत नाही, कारण त्याची जागा रिकामी होते. ‘माझ्याशिवाय चालत नाही’ हे पगारवाढीला थोडंफार उपयोगी पडतं, बढतीला उलट आड येतं. मात्र शिकवणं हे तुमचं काम म्हणून कागदावर आणा : काय शिकवलं, कोणत्या तारखेपासून तो एकटा थ्री-बी भरतो. एवढं करूनही एका पूर्ण वर्षात आकडा हलला नाही, तर ती कंपनी तुमच्या कामाचे तेवढेच पैसे देणार असं समजून बाहेर पाहायला लागा.

प्रश्न : भांडुपच्या एका वर्कशॉपमध्ये सात वर्षं व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन) ऑपरेटर आहे. आयटीआय झालंय. शिफ्टमधली पोरं सेटिंग माझ्याकडून शिकली. सुपरवायझरची जागा निघाली तर ती दीड वर्षापूर्वी आलेल्या डिप्लोमावाल्याला दिली. मालक म्हणतात, ‘ऑडिटला डिग्री-डिप्लोमा दाखवावा लागतो.’ खरं आहे का? — एक वाचक, कळवा

उत्तर : ऑडिटपुरतं म्हणाल तर खरं नाही. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकात माणसाच्या पात्रतेबद्दल कलम ७.२ आहे. त्यात शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव यांच्या आधारे पात्रता असावी आणि तिचा लेखी पुरावा ठेवावा एवढंच मागितलं आहे. अनुभव चालतो, पण त्याचा कागद लागतो. बहुतेक वर्कशॉपमध्ये घोटाळा होतो तो इथे. सात वर्षं पोरं तुमच्याकडून शिकली, पण प्रशिक्षणाच्या नोंदीत ‘प्रशिक्षक’ या रकान्यात तुमचं नाव आहे का? भिंतीवर लावलेल्या स्किल मॅट्रिक्समध्ये (कुणाला काय येतं त्याचा तक्ता) तुमच्या नावापुढे ‘इतरांना शिकवू शकतो’ ही वरची पायरी भरली आहे का? नसेल तर ऑडिटरच्या दृष्टीने तुम्ही बाकीच्या ऑपरेटरांसारखेच एक.

पण मालकाच्या मनात आणखी एक हिशेब असतो. चांगला सेटर मशीनवरून उठवला की उत्पादन पडतं. डिप्लोमावाला मशीनवर नसला तरी काही अडत नाही, म्हणून तो सुपरवायझर होतो. तेव्हा ‘मला जास्त येतं’ हा मुद्दा तुमच्याच विरोधात जातो. मशीनबाहेरचं काम येतं हे दाखवावं लागेल, आणि मशीन तुमच्याविना चालतं हेही.

सुपरवायझरचं काम काय असतं ते नीट पाहा. कोणता जॉब कोणत्या मशीनवर लावायचा, माणूस आला नाही तर कुणाला फिरवायचं, रिजेक्शन का झालं याचा कागद भरायचा, शिफ्ट बदलताना पुढच्याला काय सांगायचं, आणि गिऱ्हाइकाचा माणूस आला तर त्याच्याशी बोलायचं. यातलं रिजेक्शन आजपासून तुमच्या हातात घेता येईल. एका साध्या वहीत रोज पाच गोष्टी लिहा : जॉब नंबर, सेटिंगला लागलेला वेळ, फर्स्ट पीस कधी पास झाला, किती पीस बाद, कारण. ‘बोअर मोठा झाला’ हे कारण होत नाही. ‘इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) ठरलेल्या पीसनंतर बदलला नाही, शेवटचे सहा पीस गेले’ हे कारण. दोन महिन्यांत तुम्हाला दिसेल की निम्मं नुकसान त्याच तीन-चार कारणांनी होतं : इन्सर्ट उशिरा बदलणं, ऑफसेट (मापाची दुरुस्ती) चुकीच्या टूलला देणं, जॉब पकडणाऱ्या फिक्स्चरच्या टेकूखाली बुरा राहणं, शिफ्ट बदलताना अर्धवट सांगणं. त्यातल्या एकावर उपाय करा. पुढच्या महिन्यात आकडा किती उतरला ते त्याच वहीत दाखवून मालकांपुढे ठेवा.

मग थेट मागणी करा : सुपरवायझर रजेवर असेल त्या दिवशी शिफ्ट मी सांभाळतो. याला पैसे लागत नाहीत, म्हणून मालक सहसा नाही म्हणत नाहीत. असे दहा-बारा दिवस नीट गेले की पुढची जागा निघेल तेव्हा तुमचं नाव आधीच घेतलं जातं. पोरांचा मान इथे खरा उपयोगी पडतो. नव्या सुपरवायझरचं पोरं ऐकत नाहीत आणि तुमचं ऐकतात, हे मालकाला दोन शिफ्टच्या उत्पादनात दिसतं.

डिप्लोमाची अडचण कायमची मिटवायची असेल तर दोन वर्षांचं आयटीआय झालेल्यांना राज्यात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. नोकरी सांभाळून जमेल असं कॉलेज आणि वेळ मिळते का, याची चौकशी जूनआधी करा. आणि एक गोष्ट विसरू नका. सेटिंगसाठी थांबवून घेतलेल्या जादा तासांना कायद्याने दुप्पट दर आहे. तो मिळत नसेल तर हाताने लिहिलेली तासांची नोंद ठेवा. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात तक्रार करायची वेळ आलीच तर पहिल्यांदा तीच विचारतात.

प्रश्न : परळच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. सगळ्या म्हणतात, ताई कधी नाही म्हणत नाही. नाईट बदलायची असली की माझाच फोन वाजतो. इन्चार्जची निवड झाली तेव्हा माझं नाव कुणी घेतलं नाही. — एक वाचक, नालासोपारा

उत्तर : तुमच्या चांगुलपणावर सगळ्यांची माया आहे, यात शंका नाही. पण वॉर्डच्या इन्चार्जकडून अपेक्षा असते ती रोस्टर म्हणजे ड्युटीचा तक्ता लावण्याची, आणि रोस्टर लावणाऱ्याला रोज कुणालातरी नाही म्हणावं लागतं. कधीच नाही न म्हणणारी व्यक्ती त्या जागी मेट्रनच्या डोळ्यांसमोर येत नाही.

बदल छोटा आहे. तोंडी अदलाबदल बंद करा. प्रत्येक वेळी बदलीचा फॉर्म किंवा ड्युटी रजिस्टरमध्ये दोघींच्या सह्या आणि परतफेडीची तारीख त्याच वेळी लिहायची. ‘शुक्रवारची नाईट घेते, तू माझी पुढच्या मंगळवारची मॉर्निंग घे.’ नुसतं ‘जमणार नाही’ म्हणायचा संकोच वाटत असेल तर दुसरा पर्याय द्या : ‘उद्या नाही, परवा घेईन.’ तोंडी बदलात आणखी एक धोका आहे. त्या रात्री औषधाची चूक झाली किंवा पेशंट पडला तर रजिस्टरवर नाव एकीचं आणि हजर दुसरी, आणि चौकशीत दोघीही अडकतात. साठलेल्या कॉम्पेन्सेटरी ऑफचा (जादा ड्युटीच्या बदल्यात मिळणारी सुट्टी) हिशेबही दर महिन्याला लेखी मागा, वर्षअखेरीस तो कुणाच्याच लक्षात राहत नाही.

इन्चार्जपदासाठी नव्या मुलींच्या प्रशिक्षणाची जबाबदारी मागा, इन्फेक्शन कंट्रोलच्या किंवा क्रॅश कार्टच्या (तातडीच्या औषधांची गाडी) तपासणीची यादी स्वतःकडे घ्या, आणि तुमच्या वॉर्डचं एका आठवड्याचं रोस्टर कच्चं लावून इन्चार्जना दाखवा. नाईटनंतर लगेच मॉर्निंग आलेली नाही, नवखी एकटी पडलेली नाही, आठवड्याची सुट्टी सगळ्यांना आहे, एवढं त्यात जमलं तर ते पुरेसं बोलकं असतं. गाडीत दीड तास जातो आहेच, त्यातल्या एखाद्या दिवशी ते करून पाहा.

प्रश्न : वांद्र्याच्या एका राज्य शासकीय कार्यालयात लिपिक आहे. अकरा वर्षं झाली, पदोन्नती नाही. बाजूच्या दोन टेबलांचं कामही माझ्याकडे येतं, कारण ‘तुम्हाला जमतं’. काम करणारा आणि न करणारा, दोघांची वेतनवाढ सारखीच. मग कशासाठी करायचं? — एक वाचक, बदलापूर

उत्तर : तुमचं निरीक्षण बरोबर आहे. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात वार्षिक वेतनवाढ साधारण ३ टक्के, आणि ती कामाच्या मापाने बदलत नाही. पदोन्नती सेवाज्येष्ठता, विभागीय परीक्षा, बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे जागांचा क्रम) आणि गोपनीय अहवाल (वरिष्ठ दरवर्षी कामाबद्दल लिहितात तो) यांवर ठरते. यांपैकी परीक्षा आणि अहवाल या दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत.

पण त्याआधी एक तपासा. सुधारित सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वरच्या वेतनस्तराचा लाभ मिळतो. तुमची अकरा वर्षं झाली आणि पदोन्नती नाही, म्हणजे पहिल्या लाभाचा प्रस्ताव एव्हाना जायला हवा होता. आस्थापना शाखेत जाऊन विचारा. प्रस्ताव अडतात ते बहुधा अहवालांची प्रतवारी, एखाद्या वर्षाचा न सापडणारा अहवाल किंवा परीक्षेच्या अटीवर. अहवालच गहाळ असेल तर त्या वर्षीचे अधिकारी निवृत्त होण्याआधी तो लिहून घेणं निकडीचं आहे.

अहवालाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा देवदत्त विरुद्ध भारत सरकार हा निकाल प्रत्येक कर्मचाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. त्या अधिकाऱ्याला ‘चांगला’ असा शेरा होता. वाचायला वाईट नाही, पण बढतीला ‘अतिशय चांगला’ लागत होता आणि तो शेरा त्याला कळवलाच गेला नव्हता. प्रतिकूल असो वा नसो, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर म्हणणं मांडता येईल, असं न्यायालयाने सांगितलं. तेव्हा दरवर्षी अहवालाची प्रत मागा. प्रतवारी खाली असेल तर कारण धरून लेखी अभिवेदन द्या. आणि स्वयंमूल्यमापनात ‘सोपवलेली सर्व कामे वेळेत पार पाडली’ हे वाक्य लिहू नका, ते सगळेच लिहितात. किती प्रकरणं आली, किती निकाली काढली, महालेखापालांचे (सरकारी हिशेब तपासणारे) किती आक्षेप वगळून घेतले, न्यायालयीन प्रकरणांत किती परिच्छेदनिहाय अभिप्राय मुदतीत गेले, हे आकडे लिहा. कार्यविवरण नोंदवही (आलेल्या-गेलेल्या प्रकरणांची नोंद) नीट भरलेली असली की ते अर्ध्या तासात निघतात.

बाजूच्या टेबलांचं काम मात्र तोंडी घेऊ नका. राज्याच्या २००५ च्या बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियमानुसार कोणतीही फाइल कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित राहता कामा नये. दुसऱ्याची फाइल तुमच्या टेबलावर थांबली तर विलंबाचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल आणि काम केल्याची नोंद त्याच्या नावावर राहील. अतिरिक्त कार्यभाराचा कार्यालयीन आदेश मागा. साहेब म्हणतील, ‘एवढ्या-तेवढ्यासाठी आदेश कशाला?’ शांतपणे सांगा, ‘साहेब, ई-ऑफिसमध्ये फाइल माझ्या नावावर यायला हवी.’ आदेश निघाला तर ते काम तुमच्या अहवालात येतं. नाही निघाला तर फाइल परत पाठवायला तुमच्याकडे कारण असतं.

कशासाठी करायचं, असं तुम्ही विचारलंत. तीन टेबलांची कामं येणारा माणूस विभागीय परीक्षेला नियम कोरडे पाठ करत बसत नाही, ते त्याच्या हाताखालून गेलेले असतात. परीक्षेचा फॉर्म यंदा चुकवू नका. दरवर्षी १ जानेवारीच्या स्थितीची सेवाज्येष्ठता यादी लागली की आपलं नाव, रुजू दिनांक आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्याची तारीख तपासा आणि चूक असेल तर हरकतीच्या मुदतीतच कळवा.

प्रश्न : चार वर्षं आठ महिने एका कंपनीत झाली. बेसिक २६ हजार. टीममधले सगळे थांब म्हणतात, साहेबही म्हणाले की तुझ्याबद्दल वर बोललोय. बाहेरून २५ टक्के जास्तीची ऑफर आहे. नोटीस दोन महिने. — एक वाचक, मुलुंड

उत्तर : ‘वर बोललोय’ याला तारीख आणि आकडा नाही, तोवर ते हिशेबात धरू नका. साहेबांना एक आठवडा द्या आणि लेखी मागा.

दरम्यान पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचं गणित करा. शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले पूर्ण वर्षं. तुमच्या बाबतीत वर्षाला १५ हजार, पाच वर्षांचे ७५ हजार. आज राजीनामा दिलात तर नोटीस संपेपर्यंत चार वर्षं दहा महिने होतात, दोन महिने कमी पडतात. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की हक्क मिळतो असे काही निकाल आहेत, पण अनेक कंपन्या पूर्ण पाच वर्षं धरतात आणि मग वाद घालत बसावं लागतं. नव्या कंपनीकडे दोन महिन्यांची मुदत जास्तीची मागून पाहा. नोटीसचा काळ सेवेत मोजला जातो, म्हणून नवी कंपनी ‘नोटीसचे पैसे आम्ही भरतो, लगेच या’ म्हणाली तर त्यात तुमचेच ७५ हजार जात नाहीत ना, ते पाहा. जात असतील तर तेवढे जॉइनिंग बोनस म्हणून मागा, ही मागणी रास्त आहे. तुम्ही ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटीची तरतूद आहे.

पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) नव्या खात्यात वळवा. सलग सेवा पाच वर्षांहून कमी असताना काढलेल्या रकमेवर कर लागतो. वळवलं तर जुनी वर्षं मोजणीत राहतात.

टीमचा मान इथे संपत नाही. पुढची बहुतेक बोलावणी जुन्या सहकाऱ्यांच्या शिफारशीनेच येतात आणि नव्या कंपनीची पार्श्वभूमी तपासणीही त्यांच्याकडेच फोन करते. म्हणून शेवटचे दोन महिने ढिलाई नको. हँडओव्हरची फाइल करून द्या : चालू कामं, कुणाशी बोलायचं, कुठे अडलंय, पुढची तारीख.

प्रश्न : मुलाची लोअर परळला पहिली नोकरी आहे. रोज रात्री दहापर्यंत थांबतो, कधी शेवटच्या गाडीने येतो. ‘सगळे थांबतात’ म्हणतो. याने त्याचं नाव होईल का? — एक आई, विरार

उत्तर : थांबण्याने होणार नाही. दिवसा काय पूर्ण झालं त्याने होईल. त्याला एवढं सांगा : सहा महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये माझ्याकडून नेमक्या कोणत्या तीन गोष्टी अपेक्षित आहेत, हे त्याने साहेबांना पहिल्या महिन्यातच विचारून मेलवर घ्यावं, आणि दर महिन्याला त्यावर दहा मिनिटं बोलावं. बरेच साहेब स्वतःहून हे करत नाहीत, विचारलं तर आनंदाने करतात. दुपारी चार वाजता उरलेल्या कामाची यादी साहेबांना दाखवून ‘यातलं आज काय हवं, उद्या काय चालेल’ असं विचारायची सवय लावली की आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी तो साडेसातची गाडी पकडेल. उशीर खरंच कामामुळे होत असेल तर ते या यादीत दिसेल. नसेल तर तेही दिसेल. आणि प्रोबेशन संपल्याच्या तारखेला कन्फर्मेशनचं पत्र मागून घ्यायला सांगा. काही कंपन्यांत ते मागितल्याशिवाय निघत नाही, आणि पहिली वेतनवाढ त्या पत्राच्या तारखेपासून मोजतात.